आजीची वही आणि खिशातली पेटी

दरेकसा स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या खिशात मोबाईल होता आणि माझ्या विद्यार्थिनीच्या हातात दोनशे पानी वही. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे चिमुकले स्टेशन. गोंदिया जिल्हा येथे संपत येतो आणि पलीकडे छत्तीसगड लागते. माघी पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे गोंड भाविकांची रीघ लागते ती याच भागात. आम्ही मात्र शब्दांच्या यात्रेला आलो होतो.

वहीत तिच्या आजीचे गोंडी शब्द होते. येर म्हणजे पाणी, रोन म्हणजे घर, नार म्हणजे गाव. तेलुगू-तमिळच्या कुळातली ही भाषा माझ्याच वर्गात बाकावर बसते, हे मराठीच्या या प्राध्यापकाला वीस वर्षे उमगले नव्हते! २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी ती आपली म्हणून सांगितली. पण या मुलीला ती अर्धीमुर्धीच येई आणि आजीने तर ऐंशी ओलांडलेली.

"सर, ही वही मोबाईलात घालता येईल का?" तिने विचारले होते.

मी मोठ्या ऐटीत "हो" म्हणालो. मग शब्दकोशाची दोन-तीन ॲप पाहिली. सगळी हलवायाच्या बंद कपाटासारखी! आतले पाहावे, घरचा लाडू त्यात ठेवू म्हटले तर सोय नाही. अखेर अँकीड्रॉइड सापडले. 'अँकी' म्हणजे जपानीत पाठांतर. आपली यादी आपणच त्यात भरावयाची. एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस अर्थ. विसरलेला शब्द ते लौकर पुन्हा विचारते, पक्का झालेला उशिरा. जुन्या पंतोजींना हे ठाऊकच होते म्हणा.

सोपे वाटले ना? मलाही वाटले. तक्त्यात चारशे शब्द मांडले, साधी मजकुराची फाईल केली आणि फोनात घेतली, तर सर्वत्र प्रश्नचिन्हे! फाईल जतन करताना 'यूटीएफ-८' हा प्रकार निवडला नाही, तर देवनागरी अक्षरे अशी मरतात. दुसऱ्या खेपेस अक्षरे आली, पण 'ओढा, नाला' या अर्थातल्या स्वल्पविरामाने घात केला. यंत्राने तेथे रकाना संपला असे मानले आणि नाला तिसऱ्याच घरात जाऊन पडला. स्वल्पविरामाऐवजी टॅबने रकाने तोडले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. व्याकरण शिकविणाऱ्याला विरामचिन्हाने शिकविलेला हा धडा, दुसरे काय!

एवढी यातायात कशाला, असे सौभाग्यवतींनी विचारलेच. उत्तर दरेकशाच्या त्या अंगणात मिळाले. डोंगरात रेंज नव्हती, पण यादी फोनातच असल्याने अडले नाही. मुलीने आजीला एकेक शब्द बोलायला लावून त्या त्या कार्डाला तिचा आवाज जोडला आणि परत ऐकवला.

"हा माजाच आवाज होय का, बाबू?" आजी माझ्याकडे पाहून हसली. मग एका कार्डावर एकाएकी थबकली. आम्ही लिहिलेला 'नाला' तिला मान्य नव्हता. तो नाला नव्हे. पावसाळ्यात वाहतो, उन्हाळ्यात आटतो, तो लहान ओहोळ.

नातीने तिथल्या तिथे अर्थ दुरुस्त केला. परतीच्या गाडीला तासभर अवकाश होता. तेवढ्यात आजीने आणखी सात शब्द सांगितले.