बालदमा, ऊन आणि 'ड' जीवनसत्त्वाची पुडी

"सिस्टर, डी व्हिटॅमिनची पुडी सुरू केली आहे, आता मुलाचा पंप बंद केला तर चालेल ना?" हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात वारंवार ऐकू येतो. काही आया तर विचारायलाही थांबत नाहीत. पंप कपाटात जातो, पुडी दुधात जाते, आणि पहिल्या थंडीत किंवा सुगीच्या धुळीत मूल धापा टाकू लागते. म्हणून उत्तर आधी देते आणि कारण मागाहून सांगते. पंप बंद करू नका. 'ड' जीवनसत्त्व मुलाला हवेच, पण ते दम्याचे औषध नव्हे.

ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. ती कोठून आली ते पाहू.

'ड' जीवनसत्त्वाची ओळख जगाला झाली ती मुडदुसामुळे. शंभर वर्षांपूर्वी युरोपातील धुराने काळवंडलेल्या शहरांत मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकत, मनगटे सुजत, छातीच्या फासळ्यांना गाठी येत. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताचे तेल मुडदूस टाळते हे दाखवले. त्याच सुमारास, १९१९ साली, बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश दिला आणि हाडे भरून आली. प्रकाश एका हातावर टाकला तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. याचा अर्थ, कातडीत काहीतरी तयार होऊन ते रक्तावाटे सर्व शरीरात जाते. माशाच्या तेलातील आणि उन्हाने कातडीत बनणारी ही वस्तू म्हणजेच 'ड' जीवनसत्त्व. या जातीच्या द्रव्यांवरील संशोधनासाठी जर्मनीच्या आडोल्फ विंडाउस यांना १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इथवर सगळे हाडांचे झाले. दमा मधे आला तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. हे जीवनसत्त्व शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीतही काही काम करते असे दिसून आले, आणि दम्याच्या मुलांच्या रक्तात ते कमी आढळू लागले. २००९ साली कोस्टा रिका या देशातील ६१६ दमेकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. तो देश आपल्यापेक्षाही विषुववृत्ताच्या जवळ, म्हणजे उन्हाला तोटा नाही. तरी त्यातील २८ टक्के मुलांत 'ड' पुरेसे नव्हते, आणि ज्यांच्यात ते कमी त्यांना दम्यासाठी इस्पितळात जास्त वेळा न्यावे लागले होते.

मग 'ड' दिले की दमा जाईल, असे कोणालाही वाटणारच. पण नांगर चालू असलेल्या शेतात बगळे गोळा होतात, म्हणून बगळ्यांनी शेत नांगरले असे कोणी म्हणत नाही. दम्याचे मूल धाप लागेल या भीतीने घरात बसवले जाते, खेळायला जात नाही, ऊन मिळत नाही, म्हणून त्याचे 'ड' कमी असू शकते. आधी काय आणि मागून काय, हे नुसत्या रक्ततपासणीवरून कळत नाही. ते कळण्याचा मार्ग एकच. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना खरे औषध द्यायचे, निम्म्यांना तसेच दिसणारे बिनऔषधी, आणि वाट पाहायची.

तशा चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेत दमा असलेली आणि 'ड' कमी असलेली १९२ मुले निवडून निम्म्यांना ४८ आठवडे रोज ४,००० युनिट देण्याचे ठरले. २०२० साली निष्कर्ष आले. 'ड' मिळालेल्या ९६ मुलांपैकी ३६ जणांना दम्याचा मोठा झटका आला, न मिळालेल्या ९६ पैकी ३३ जणांना. फायदा दिसण्याची आशा उरली नाही म्हणून ती चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली. परदेशातील मुलांचे आपल्या मुलांना काय, असे कोणी म्हणेल. तर दिल्लीच्या एम्स इस्पितळात ४ ते १२ वर्षांच्या, 'ड' कमी असलेल्या २५० दमेकरी मुलांवर अशीच चाचणी झाली. निम्म्यांना नऊ महिने रोज १,००० युनिट दिले. २०२१ साली तिचे निष्कर्ष आले, आणि दमा आटोक्यात राहण्यात दोन्ही गटांत फरक पडला नव्हता.

मधल्या काळात, २०१६ साली, जगातील चाचण्या एकत्र करून काढलेल्या एका आढाव्याने 'ड'मुळे मोठे झटके कमी होतात असे म्हटले होते. बहुतेक वर्तमानपत्री बातम्या आणि मोबाईलवर फिरणारे संदेश त्यावरच उभे आहेत. पण त्यातला पुरावा मुख्यतः मोठ्या माणसांचा होता. त्याच मंडळींनी २०२३ साली २० चाचण्या घेऊन पुन्हा हिशोब मांडला. त्यांत १,१५५ मुले होती. या वेळी तो फायदा दिसला नाही. पहिली बातमी सर्वांपर्यंत पोचली, दुसरी पोचली नाही, एवढेच.

म्हणून 'ड'कडे पाठ फिरवायची नाही. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी केली. तीत १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांत या जीवनसत्त्वाची कमतरता सापडली. मूल मोठे होते तशी कमतरता वाढते, याला शाळा, शिकवण्या आणि मोबाईल यांचा हातभार असावा असे मला तरी वाटते. मुडदूस हा पुस्तकातला रोग राहिलेला नाही.

ऊन कोणते, याबद्दल मोठा गैरसमज आहे. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची आपली रीत गोड आहे, पण त्या उन्हात 'ड' फारसे बनत नाही. ते बनवणारे किरण सूर्य वर आला म्हणजेच जमिनीपर्यंत पोचतात. साधी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हा कातडीत 'ड' चांगले बनते. अंदाजे सकाळी अकरा ते दुपारी तीन. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, काच ते किरण अडवते. सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शाळेच्या मधल्या सुट्टीत हातपाय उघडे ठेवून मुलांना बाहेर खेळू द्यावे, वैशाखात मात्र बेताने. तान्ह्या बाळाला दुपारच्या उन्हात धरू नये. आईच्या दुधात 'ड' फार थोडे असते, म्हणून पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब सांगितले आहेत. इथे एक सावधगिरी घ्यावी. बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असलेलेही थेंब मिळतात आणि ८०० असलेलेही. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचून घ्या.

खाण्यातून मिळते ते थोडे, पण मिळते. बांगडा आणि तारली यांत बऱ्यापैकी, अंड्याच्या पिवळ्या बलकात थोडे. पिशवीच्या दुधावर किंवा तेलावर 'एफ'पुढे अधिकची खूण असेल तर त्यात 'अ' आणि 'ड' घातलेले असते. शाकाहारी घरांसाठी एक युक्ती आहे. धिंगरी अळंबी शिजवण्याआधी अर्धा-पाऊण तास दुपारच्या उन्हात, खालची झालरीची बाजू वर करून ठेवावी. आपल्या कातडीप्रमाणेच अळंबीतही उन्हाने 'ड' तयार होते. मात्र धिंगरीची लागवड ज्यांच्या घरी आहे त्यांनी दम्याच्या मुलाला त्या खोलीत पाठवू नये. तिचे बीजकण हवेत उडतात आणि छातीला बाधतात.

आता पुडीबद्दल. औषधाच्या दुकानातली नेहमीची पुडी ६०,००० युनिटची असते. एक वर्षावरील मुलाची रोजची गरज ६०० युनिट धरली, तर एका पुडीत शंभर दिवसांची गरज आहे. कमतरता असेल तर डॉक्टर ती आठवड्याला किंवा महिन्याला एक, आणि ठराविक काळच देतात. 'टॉनिकच आहे' म्हणून कोणी महिनाभर रोज दिली, तर आठ वर्षांहून अधिक काळाचे जीवनसत्त्व एका महिन्यात पोटात गेले. जास्तीचे 'ड' लघवीतून निघून जात नाही, ते चरबीत साठते. रक्तातले कॅल्शियम वाढते, मूल उलट्या करते, सारखी तहान लागते, वरचेवर लघवी होते, शौचास कडक होते, आणि मूत्रपिंडे खराब होऊ शकतात. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहिले असेल तर दिनदर्शिकेवर वार लाल पेन्सिलीने खुणावून ठेवा. शेजारच्या मुलाला उरलेली पुडी देऊ नका.

पंपाची लोकांना जी भीती वाटते ती मुख्यतः 'सवय लागते' आणि 'स्टेरॉइड आहे' या दोन वाक्यांत मावते. सवय लागत नाही. रोज घ्यायच्या पंपात स्टेरॉइड असते हे खरे, पण मात्रा मायक्रोग्रॅमची. दिवसाला २०० मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. झटका आल्यावर जी गोळी द्यावी लागते तिच्या ५ मिलिग्रॅममध्ये असे पंचवीस हिस्से असतात, आणि ती सबंध शरीरात फिरते. पंपाने उंचीत साधारण एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. हे मी लपवत नाही. पण दमा मोकाट सोडला तर मूल त्याहून खुंटते. वारंवार गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या मुलाची हाडे कमजोर होऊ शकतात, म्हणून डॉक्टर कधी कधी त्याला 'ड' आणि कॅल्शियम लिहून देतात. ते हाडांसाठी असते. चिठ्ठीत पंप आणि पुडी शेजारी शेजारी दिसतात, आणि एक दुसऱ्याच्या जागी आले असा समज बहुधा इथूनच होतो.

लहान मुलाने पंप नुसता तोंडात धरून दाबला तर बरेच औषध घशात बसते. मधे स्पेसरची नळी हवी. ती परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची प्लास्टिक बाटली चालते. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली हे तपासले. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून पंप घट्ट बसवला आणि फट बंद केली, तर बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडली. प्लास्टिकचा पेला मात्र तितका उपयोगी ठरला नाही. बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, निथळत वाळवावी. पुसली की आतून वीज धरते आणि औषध भिंतीला चिकटते. पंप एकदा दाबून मुलाला बाटलीच्या तोंडातून सावकाश पाच-सहा श्वास घेऊ द्यावे, मग दुसरा दाब. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावावी. बनवलेली बाटली एकदा डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवून घ्या. फार लहान मुलाला तोंडावर बसणारा मुखवटा लागतो.

शेतकऱ्याच्या घरी दमा वाढवणाऱ्या गोष्टी दाराशीच असतात. मळणी आणि उफणणी, पावसात भिजून बुरशी धरलेली वैरण, उसाचा पेटवलेला पाचट, चुलीचा धूर, बांधावरचे गाजर गवत. निपाणीकडे घरात तंबाखू हाताळतात, तिची धूळ वेगळीच. मळणीच्या दिवशी मूल मामाकडे पाठवता आले तर पाठवावे. गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटावे, हातमोजे घालून, आणि ते काम मुलांना सांगू नये.

मृग लागला की दम्यावर उतारा म्हणून हैदराबादला औषध भरलेला जिवंत मरळ मासा गिळायला दूरदूरहून लोक जातात. आपल्यातलेही जातात. त्याने दमा बरा होतो असे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नाही. तरी ज्यांना जायचेच आहे त्यांनी मुलाचे पंप बरोबर न्यावेत आणि प्रवासातही रोजची वेळ चुकवू नये.

मूल एक वाक्य धड बोलू शकत नाही, श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर पडले आहेत, किंवा झटक्यासाठी दिलेल्या पंपाने आराम पडत नाही, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. तोच पंप बाटलीतून देत देत, मुलाला बसते ठेवून, रात्रीच इस्पितळ गाठा. १०८ क्रमांकाला फोन लावा, आणि गाडी लवकर येणार नसेल तर गावातली जी मिळेल ती.