कोरड्या मुलखातले नावेचे इंजिन

वैशाखात ज्या नद्यांच्या पात्रांतून बैलगाडी चाक न भिजवता पलीकडे जाते, त्या वऱ्हाडात नावेच्या इंजिनाचा विषय काढावा हे सकृद्दर्शनी विसंगत वाटेल; परंतु सातपुड्यावर पाऊस कोसळून पूर्णा दुथडी भरली, किंवा २०२१ च्या जुलैत घडले त्याप्रमाणे मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत पहिली विचारणा होते ती बचावाच्या रबरी नावेची आणि तिच्या पाठीशी लावायच्या इंजिनाची. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धेच्या पात्रात नाव उलटून अकरा जण बुडाले, आणि त्यांच्या शोधासाठी पथकांच्या नावा दिवसच्या दिवस पाणी कापीत राहिल्या. अशा घटकेला दोरी ओढूनही जे इंजिन हलत नाही, त्याचा विलंब काठावर उभ्या असलेल्या आप्तांनी कसा सोसावा?

१९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे, मूळच्या नॉर्वेच्या ओले एव्हिनरूडने हे सुटे, नावेच्या मागे अडकवायचे इंजिन विक्रीस काढले. त्याची ठेवण अद्याप फारशी पालटलेली नाही. वर डोके, मध्ये उभा दांडा, खाली पाण्यात गिअरची पेटी व पंखा. त्याला थंडावा मिळतो तो ज्या पाण्यावर ते चालते त्याच पाण्याने, आणि ते वर चढवतो रबरी पाकळ्यांचा एक लहानसा पंप. पुराबरोबर वाहणारी आमची काळी माती त्या पाकळ्या झिजवते, वाटा बुजवते. मग ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून बाहेरच्या लोखंडी नळकांड्यापेक्षा अधिक फुगतो आणि तिथेच चिकटतो. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत पन्नास लिटर पेट्रोलला एक लिटर ऑइल मिसळावे लागते, आणि रात्री-बेरात्री धावपळीत ते विसरले गेले, तरी परिणाम तोच. तथापि माझ्या मते वऱ्हाडात या यंत्राचा मोठा वैरी म्हणजे त्याचे रिकामपण: दहा महिने गोदामात उभे राहिलेल्या इंजिनाच्या पोटात ओल राहिली, तर पिस्टनच्या रिंगा गंजाने भिंतीला धरून बसतात.

असे एक इंजिन अकोल्यात एका मिस्त्रींच्या पुढ्यात आलेले मी पाहिले. आणणाऱ्या तरुणाने दोरीला हिसका देण्यासाठी पाय रोवला, तोच मिस्त्री म्हणाले, ‘‘जोर नोको लावू बाप्पा, आधी पाह्य कुठं अटकलं ते.’’ त्यांनी प्रथम गिअर न्यूट्रलला आहे ना याची खातरजमा केली, कारण पुष्कळ इंजिनांत गिअर पडलेला असला की दोरी मुद्दाम अडवलेली असते. मग दोरीची चकतीच उतरवली, म्हणजे दोष तिचा असेल तर तिथेच उघडकीस यावा. त्यानंतर दोन्ही प्लग काढले; सिलिंडरात पाणी भरले असेल तर ते दाबले जात नाही, आणि अशा वेळी बळ लावले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी निघाले नाही. फ्लायव्हीलच्या नटावर पाना चढवून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच, त्यांनी मनगटाचा हलका भार दिला. उलटे फिरवल्यास पंपाच्या पाकळ्या मुडपतात. चाक तसूभरही हलले नाही. गिअरचे ऑइल बोटावर घेतले, तर ते स्वच्छ होते, दुधाळ नव्हते, त्यात धातूचा कीसही नव्हता. तरी पुराव्याखेरीज निवाडा नको म्हणून त्यांनी खालचा भाग बोल्ट काढून पंपासकट वेगळा केला. तो हाताने सहज फिरला. दोष डोक्यात होता.

प्लगच्या छिद्रांतून गंज सोडवणारे तेल ओतून त्यांनी इंजिन दोन दिवस तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी चाक केसभर पुढे सरकले, किंचित मागे घेतले, पुन्हा पुढे. आणि एका मंद करकरीनंतर ते पूर्ण फिरले. तरुण हर्षला, पण मिस्त्रींनी एक्झॉस्टचे झाकण उघडून विजेरीच्या उजेडात पिस्टनचे अंग न्याहाळले. तापून चिकटलेला पिस्टन थंड झाल्यावर कित्येकदा आपोआप सुटतो, मालकास वाटते संकट टळले, पण भिंतीवर ॲल्युमिनियमचे ओरखडे राहतात आणि पुढच्या पुरात भर धारेत तेच इंजिन दगा देते. इथे ओरखडे नव्हते, गंजाचे तांबूस डाग होते. कॉम्प्रेशन मोजले, तर दोन्ही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले.

उरली धुलाई. समुद्रकाठचा कोळी आपले इंजिन गोड्या पाण्याने धुतो, कारण खार त्याच्या रोजच्या वाटेवर आहे. आमच्याकडे पुराचे पाणी गोडे, परंतु पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील बोअरचे पाणी खारे. अर्थात पुरात मातीने माखलेले इंजिन घरी आणून बोअरच्या पाण्याने धुणारा माणूस सद्भावनेने त्यात मीठच भरत असतो. मिस्त्रींनी खालचा भाग पुन्हा जोडून अंगणातल्या पिंपावर इंजिन टांगले, आणि अकोल्याच्या नळाला येणारे काटेपूर्णा धरणाचे पाणी, जे घरात पिण्यासाठी भरून ठेवले होते, ते हंड्या-हंड्याने त्यात ओतवले. दुसऱ्याच ओढीला यंत्र बोलू लागले. आणि त्याच्या बाजूच्या छिद्रातून, पंप चालू असल्याची ग्वाही देणारी बारीक, अखंड धार पिंपात पडू लागली.