नदीपासून किती लांब? नव्हे, किती उंच!

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदी फुगली की पाणी नाल्यांतून उलटे वस्तीत शिरते. त्यामुळे ‘आमचे घर नदीपासून लांब आहे’ हा दिलासा पुरेसा नसतो. घर पात्रापेक्षा किती उंच आहे, हे पाहावे लागते.

ते जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून कळते. त्यात जमिनीचे लहान चौकोन पाडून प्रत्येकाला एक उंची दिलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीचा बहुतांश भूभाग असा मोजला. भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या छायाचित्रांवरूनही असा नकाशा तयार झाला. प्रत्येक चौकोनातले पाणी कोणत्या ओढ्याला मिळते आणि तो चौकोन त्या ओढ्यापेक्षा किती मीटर वर आहे, हे संगणक काढतो. सखल चौकोन रंगवले की खरा नदीकाठ दिसू लागतो.

मात्र या नकाशांतला एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो. रडार कधी झाडाचा शेंडा किंवा छप्परच जमीन समजते. चूक काही मीटरची होऊ शकते आणि पुरात एका मीटरने कोरडे घर बुडते. म्हणून दाट वस्तीत विमानातून लेसरने केलेली मोजणी आणि जुन्या पुराच्या भिंतीवरील खुणा यांची जोड हवी.

डॉक्टरांच्या दृष्टीने हा नकाशा म्हणजे रुग्णांची आगाऊ यादी आहे. सखल पट्ट्यातील गरोदर महिला, डायलिसिसचे आणि इन्सुलिनवरचे रुग्ण कोण, हे पावसाळ्यापूर्वीच आशाताईंच्या वहीत नोंदवता येते. आरोग्य केंद्रातील लसींचा फ्रीज आणि जनरेटर तळमजल्यावरून वर हलवता येतो. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसवर कुठे लक्ष ठेवायचे, हेही ठरवता येते. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून हे जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात.

पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नये. डॉक्टरांना ‘पाण्यातून चाललो होतो’ हे आवर्जून सांगावे. आपले घर निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत आहे का, हे मात्र आजच पाहून ठेवावे. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणून निर्धास्त राहू नये. तिचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच.