कोहिनूरची तूर : मर रोगावर बियाण्याचा उतारा, अळीवर मात्र गावाच्या एकजुटीचा

गोव्यात तुरीची लागवड नगण्य आहे. येथील वरणाची डाळ घाटापलीकडून येते. त्या डाळीच्या मुलखात कर्नाटकातील कलबुर्गी आणि बिदर या जिल्ह्यांचे स्थान मोठे आहे. कलबुर्गीला कन्नडमध्ये ‘तोगरी कणज’, म्हणजे तुरीचे कोठार म्हणतात. 2019 मध्ये ‘गुलबर्गा तूर डाळी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. चुनखडीच्या थरांवर पसरलेल्या येथील काळ्या जमिनीमुळे डाळीला विशिष्ट चव येते आणि ती लवकर शिजते, असे मानले जाते. मात्र हा दर्जा टिकायचा, तर पीक आधी दोन शत्रूंच्या तावडीतून सुटावे लागते. बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूर परिसरासारख्या सीमाभागात शेतकऱ्याचे वर्ष याच दोन शत्रूंवर अवलंबून असते.

पहिला शत्रू मर रोग. स्थानिक कन्नडमध्ये त्याला ‘नेटे रोग’ म्हणतात. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळांवाटे झाडात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. जमिनीत ओल असतानाही झाड सुकत जाते. खोडावर जांभळट पट्टा उमटतो. खोड उभे चिरले तर आत काळपट रेषा दिसतात. शेंगा धरण्यापूर्वी रोग आला तर त्या झाडापासून काहीच हाती लागत नाही. पिकाच्या अवशेषांत ही बुरशी सुमारे तीन वर्षे जिवंत राहते. त्यामुळे त्याच शेतात पुन्हा तूर घेणाऱ्याला फवारणी तारू शकत नाही.

येथे संशोधन कामी आले. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने रोगट जमिनीत हजारो वाण पेरून पाहिले. जगलेली झाडे निवडत जाण्याची ही पद्धत. महाराष्ट्रातील एका गावरान तुरीतून अशाच निवडीने तयार झालेला ‘मारुती’ हा मरप्रतिबंधक वाण 1986 मध्ये कर्नाटकात प्रसारित झाला आणि सीमाभागातील शेतकऱ्यांनी तो झपाट्याने स्वीकारला.

पण एका रोगाला पुरून उरणारे बियाणे दुसऱ्याला बळी पडू शकते. ‘मारुती’ वांझ रोगापुढे टिकत नाही. या रोगात झाड हिरवे, झुडपासारखे वाढते. फुले मात्र येत नाहीत. सूक्ष्म कोळी त्याचा प्रसार करतो. त्याच्या मुळाशी असलेला विषाणू ओळखायला शास्त्रज्ञांना सुमारे सत्तर वर्षे लागली. पुढे 1993 मध्ये आलेल्या ‘आशा’ या वाणात आणि जालना जिल्ह्यातील बदनापूर केंद्राच्या ‘बीएसएमआर 736’सारख्या वाणांत दोन्ही रोगांना तोंड देण्याची क्षमता आणली गेली. कलबुर्गीच्या संशोधन केंद्रातून ‘टीएस-3आर’ व ‘जीआरजी-811’ हे वाण आले. तरीही हा विजय कायमचा नाही. 2022 च्या खरिपात कलबुर्गी, बिदर आणि यादगीर जिल्ह्यांत नेटे रोगाने तूर मोठ्या प्रमाणावर वाळली आणि राज्य सरकारला विशेष मदत जाहीर करावी लागली.

दुसरा शत्रू शेंगा पोखरणारी अळी. हिचा पतंग कळ्या-फुलांवर अंडी घालतो. एक मादी शेकडो अंडी घालते. अळी डोके शेंगेत खुपसून दाणे खाते आणि शेंगेवर गोल छिद्र उरते. वाचलेल्या मालात किडके, सुरकुतलेले दाणे मिसळतात. डाळीचा उतारा घटतो आणि बाजारात दर पडतो. 1997-98 च्या हंगामात बिदर जिल्ह्यात या अळीने तुरीची नासाडी केली. त्यानंतर झालेल्या शेतकरी आत्महत्यांमागे कर्ज, बाजार आणि शासनव्यवस्था यांचा गुंता कसा होता, हे ए. आर. वसावी यांनी 1999 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तील लेखात मांडले.

या अळीवर बियाण्याचा उतारा अजून सापडलेला नाही. मरीची बुरशी प्रामुख्याने तुरीवरच जगते. अळी मात्र कापूस, हरभरा, टोमॅटो असे काहीही खाते आणि तिचा पतंग दूरवर उडतो. तुरीच्या काही रानटी नातलगांच्या शेंगांवरील दाट लव अळीला रोखते. तो गुण लागवडीच्या तुरीत आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत. दरम्यान, त्याच त्या कीटकनाशकांच्या माऱ्याने अळ्यांत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि फवारणीचा खर्च तेवढा वाढला.

म्हणून तज्ज्ञांचा भर अनेक साध्या उपायांच्या जोडणीवर आहे : पतंगांचा अंदाज घेण्यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे, अळी टिपणाऱ्या पक्ष्यांसाठी शेतात थांबे, निंबोळी अर्क आणि अळीला रोगी करणारे विषाणूजन्य औषध. जुनी रीतही इक्रिसॅटने पुन्हा पुढे आणली. झाडाखाली कापड किंवा प्लास्टिक अंथरून फांद्या हलवायच्या आणि पडलेल्या अळ्या गोळा करून कोंबड्यांना घालायच्या. तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्यास मर रोगही कमी होतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

दोन्ही शत्रूंवरील उपायांत मूलभूत फरक आहे. मरीसाठी एका शेतकऱ्याने योग्य वाण निवडला, पिकाची फेरपालट केली, तर त्याचे शेत बऱ्याच अंशी सुरक्षित होते. अळीचे तसे नाही. एकाने सापळे लावले आणि बांधापलीकडे कोणी काहीच केले नाही, तर पतंग पुन्हा येतातच. त्यासाठी फुलोऱ्याच्या काळात, विशेषतः हवा ढगाळ असताना, साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात पाहणी आणि उपाय करावे लागतात. वाण संशोधन केंद्र देऊ शकते. ही एकजूट मात्र गावालाच उभी करावी लागते. मानांकनाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या डाळीचा दर्जा आणि ती पिकवणाऱ्याची कमाई या दोन्ही गोष्टी शेवटी त्यावरच ठरतात.