गॅलरीत स्मार्ट लाइटची माळ लावताय? जुन्नर-आंबेगावात असाल तर आधी हे वाचा

संध्याकाळी मोबाइल उघडला की एखादं तरी रील हमखास दिसतं. छोटीशी गॅलरी, दोन कुंड्या, वेताची खुर्ची, चहाचा कप आणि वर पिवळ्या उजेडाची माळ. मोबाइलवर बोट फिरवलं की उजेड कमी-जास्त होतो. दोन हजारांच्या आत गॅलरीचं हॉटेल होतं, असा एकूण विषय.

पुण्या-मुंबईच्या सातव्या मजल्यावर ही माळ लावणं सोपं आहे. फार तर शेजारी कुरकुर करतील. पण हीच माळ जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात, उसाला लागून असलेल्या बंगल्याच्या गॅलरीत लावायची म्हटली की चार गोष्टी वाढतात. समोर बिबट्याचा वावर असतो. पश्चिमेला भीमाशंकर-माळशेजचा पाऊस असतो. डोंगराकडच्या गावांत मे-जूनमध्ये काजवे चमकतात. आणि खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे.

माळ लावूच नये असा याचा अर्थ नाही. नीट लावली तर इथे ती शहरापेक्षा जास्त कामाची आहे. पण नीट म्हणजे कशी, ते एकेक करून बघू.

या माळेत 'स्मार्ट' काय असतं?

साधी माळ बटण दाबलं की लागते आणि दाबलं की बंद होते. स्मार्ट माळेत एलईडी बल्बांसोबत एक छोटा कंट्रोलर असतो. तो वाय-फाय किंवा ब्लूटूथने मोबाइलशी जोडला जातो. मग उजेड कमी-जास्त करणं, रंग बदलणं, ठरावीक वेळेला लावणं-बंद करणं ही कामं ॲपवरून होतात.

यातली खऱ्या उपयोगाची सोय रंगांची नाही, सूर्यास्ताची आहे. ॲपला गावाचं ठिकाण कळलं की सूर्य मावळताच माळ आपोआप लागते. जुन्नर भागात हिवाळ्यात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, जून-जुलैत सव्वासातच्या आसपास. म्हणजे वर्षभरात सव्वा तासाचा फरक. साधा टायमर लावला तर दर महिन्याला वेळ बदलत बसावी लागते. इथे ते काम राहत नाही.

खरेदी करताना एक गोष्ट बघा. वाय-फायवर चालणाऱ्या बहुतेक माळा २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवरच चालतात. घरात राउटर नसेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागत असेल तर तुम्ही बाहेर गेल्यावर माळ ॲपला सापडणार नाही. अशा घरासाठी ब्लूटूथची किंवा रिमोटची माळ बरी.

बिलाचं काय?

बिलाची भीती मनातून काढून टाका. एक-एक वॉटचे १५ बल्ब असलेली माळ रोज चार तास लावली तर महिन्याला १.८ युनिट होतात. रात्रभर, म्हणजे बारा तास लावली तरी साडेपाच युनिटच्या आत. बंद असतानाही कंट्रोलर थोडी वीज खातो, पण ती महिन्याला अर्ध्या युनिटच्याही आत असते.

खरा प्रश्न लाइट जाण्याचा आहे. लाइट गेली की राउटर बंद आणि माळही बंद. लाइट परत आली की काही माळा आपोआप पूर्ण उजेडात पेटतात, काही बंदच राहतात. रात्री दोनला लाइट आली आणि अंगणात लख्ख उजेड पडला तर झोपमोड होणारच. बहुतेक ॲपमध्ये 'वीज परत आल्यावर काय करायचं' ही सेटिंग असते. तिथे 'आधी होतं तसं ठेवा' हा पर्याय निवडा.

सोलर माळ घ्यावी का? बेल्हे, आळे, मंचर या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या भागात वर्षातला बराच काळ ती चांगली चालते. पण आहुपे, माळशेज, भीमाशंकर या बाजूला पावसाळ्यात आठवडाआठवडा ऊन दिसत नाही. तिथे बॅटरी नीट चार्ज होत नाही आणि नेमकी काळोख्या रात्री माळ विझते.

आता मुद्दा बिबट्याचा

जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. कुकडी प्रकल्पातल्या येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांमुळे इथे पाणी खेळलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला लागला. लपायला दाट जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्यांच्या पिढ्याच आता उसात वाढल्या आहेत. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, ते याच कारणाने.

त्यामुळे इथे घराबाहेरचा दिवा ही हौस नसते. घराभोवती रात्री उजेड ठेवा, लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका, बाहेर पडताना बॅटरी आणि सोबत घ्या, हे वन विभाग सतत सांगतो. म्हणून अनेकांना वाटतं, की गॅलरीत माळ लावली म्हणजे काम झालं.

इथेच गडबड होते. दिव्याचा पहिला उपयोग बिबट्याला घाबरवणं हा नाही, तुम्हाला दिसणं हा आहे. एकाच जागी रोज तोच दिवा लागत असेल तर जनावराला त्याची सवय होते. दिव्याखाली बांधलेली शेळी उजेडात काही सुरक्षित होत नाही. तिला बंदिस्त गोठाच लागतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. तुम्ही गॅलरीत बसलात, डोळ्यांच्या उंचीवर झगझगीत माळ आहे आणि पलीकडे अंगण. डोळे जवळच्या उजेडाला सरावतात आणि पलीकडचं अंगण आणखी काळं दिसतं. म्हणजे उजेड वाढला आणि दिसायचं मात्र कमी झालं. गाडीत आतला दिवा लावला की बाहेरचा रस्ता दिसेनासा होतो, तसंच हे.

उपाय सोपा आहे. दोन कामांना दोन दिवे लावा.

गॅलरीतली माळ बसण्यासाठी. ती डोक्याच्या वर, छताच्या कडेला, मंद उजेडात.

अंगणातला दिवा बघण्यासाठी. हा हालचाल ओळखणारा सेन्सरचा दिवा असावा, तोंड खाली जमिनीकडे आणि रोख गोठा, शौचालय, नळ, पार्किंग अशा जागांवर, जिथे रात्री उठून जावं लागतं. साधा सेन्सर आठ-दहा मीटरपर्यंतची हालचाल टिपतो. अचानक लागणाऱ्या दिव्याची जनावराला स्थिर दिव्याइतकी पटकन सवय होत नाही. केनियात सिंहांपासून गुरं वाचवायला लुकलुकणारे दिवे वापरतात, ते याच तत्त्वावर.

स्मार्ट माळेला सेन्सरशी जोडता आलं तर आणखी बरं. अंगणात हालचाल झाली की गॅलरीतली माळ मंद होते आणि अंगणातला दिवा पूर्ण लागतो. पण सेन्सर लागला म्हणजे बिबट्याच आला असं नाही. बऱ्याचदा ते मांजर असतं. उलट सेन्सर लागला नाही म्हणजे बाहेर कोणी नाही, असंही समजू नका. दार उघडण्याआधी खिडकीतून बघायची सवय कुठल्याही ॲपपेक्षा जास्त कामाची आहे.

ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून पुढे, विशेष काळजी घ्या. फड मोकळे झाले की बिबट्याची लपायची जागा जाते आणि तो हलतो. त्याच काळात अंधारही लवकर पडतो. सूर्यास्ताला आपोआप लागणारा दिवा याच दिवसांत उपयोगी पडतो.

पिवळा उजेड की पांढरा?

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० केल्विन म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा. गॅलरीत निवांत वाटायला हवं असेल तर २७०० घ्या.

याचा आणखी एक फायदा आहे. कीटकांना निळसर प्रकाश जास्त ओढतो, पिवळसर कमी. पहिल्या पावसानंतर पांढऱ्या ट्यूबखाली किड्यांचा कसा खच पडतो ते सगळ्यांनी पाहिलंय. किड्यांमागे पाली आणि बेडूक येतात. पिवळा, मंद दिवा असला की चहाच्या कपात किडे कमी पडतात.

आणि काजवे. मे अखेर ते जून, पावसाच्या तोंडावर, सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत झाडंच्या झाडं काजव्यांनी चमकतात. ही चमक म्हणजे त्यांची भाषा असते. नर उडताना ठरावीक तालात चमकतो, मादी तिच्या जागेवरून उत्तर देते आणि मग भेट होते. मध्ये झगझगीत दिवा आला की हे संकेत दिसत नाहीत, भेट होत नाही आणि पुढच्या वर्षी काजवे कमी होतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर अंधारात उजळणारी बुरशीही दिसते. तीही अंधार असेल तरच दिसते.

राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. तेव्हापासून फार्म स्टे आणि कृषी पर्यटन केंद्रांचा बोलबाला वाढला आणि फोटोसाठी झाडाझाडांवर माळा आल्या. पण पाहुणा शंभर-दीडशे किलोमीटरवरून येतो तो बऱ्याचदा शहरात नसलेला अंधार बघायला. म्हणून काजव्यांच्या दिवसांत झाडांवरच्या माळा काढून ठेवा. गॅलरीतली माळ जेवणं उरकली की बंद होईल असं वेळापत्रक लावा. स्मार्ट माळेत हे एकदाच करावं लागतं.

आणि खोडदची दुर्बीण?

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मधल्या भागात आणि १६ तीन दिशांना गेलेल्या रांगांमध्ये, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. हा परिसर निवडण्यामागचं एक मोठं कारण होतं इथली 'रेडिओ शांतता', म्हणजे मानवी यंत्रांचा रेडिओ गोंगाट कमी असणं. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाची चर्चा याच दुर्बिणीपाशी अडली, हे या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता गॅलरीतल्या माळेचा आणि हिचा काय संबंध? अवकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात, की चंद्रावर साधा मोबाइल ठेवला तरी तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक ठरेल, असं उदाहरण नेहमी दिलं जातं. ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत ऐकते. वाय-फायचा २४०० मेगाहर्ट्झ त्याच्या बाहेर आहे. पण स्वस्त एलईडीच्या ॲडॉप्टरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. आत गाळणी नसेल तर त्यातून निघणारा गोंगाट बऱ्याच वरच्या पट्ट्यांपर्यंत पसरतो. एका माळेने आकाश बंद पडत नाही. पण घराघरात अशी माळ लागली की तो गोंगाट साठत जातो.

घरच्या घरी तपासायची युक्ती आहे. साधा रेडिओ घ्या, एएम आणि एफएम दोन्हीवर लावा आणि पेटलेल्या माळेच्या ॲडॉप्टरजवळ न्या. जोरात खरखर आली तर ॲडॉप्टर गोंगाट करणारा आहे. तो बदला. आयएसआय किंवा बीआयएस नोंदणीचा शिक्का असलेला ॲडॉप्टर घेतला की निदान विजेच्या सुरक्षिततेची बाजू तरी तपासलेली असते.

लावताना काय बघायचं?

१. खोक्यावर 'आयपी' आकडा बघा. उघड्या गॅलरीसाठी आयपी ६५ घ्या. आयपी ४४ फक्त शिंतोडे सहन करतं, सह्याद्रीचा आडवा पाऊस नाही.

२. माळ वॉटरप्रूफ असली तरी ॲडॉप्टर बऱ्याचदा नसतो. तो घराच्या आतच ठेवा.

३. थेट २३० व्होल्टपेक्षा १२ किंवा २४ व्होल्टची माळ निवडा. ओल्या हाताने कधी ना कधी ती धरली जाणारच.

४. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो लगेच वीज तोडतो. अर्थिंगही तपासून घ्या.

५. वायरवर बल्बांचं वजन टाकू नका. आधी बारीक स्टीलची तार ताणा आणि माळ तिला बांधा.

६. लोखंडी ग्रिलच्या धारेवर वायर घासू देऊ नका. वाऱ्याने इन्सुलेशन सोललं की अख्खं ग्रिल करंट देतं.

७. महावितरणच्या खांबाला किंवा सर्व्हिस वायरला माळ कधीही बांधू नका.

थोडक्यात काय, तर माळ मंद, पिवळी आणि डोक्याच्या वर. अंगणाचा दिवा वेगळा, खाली तोंड केलेला, सेन्सरचा. जेवणं उरकली की माळ बंद, अंगणातला सेन्सर मात्र रात्रभर चालू. एवढं केलं की गॅलरी रीलमधल्यासारखी दिसतेच, शिवाय रात्री पोरगं पाणी प्यायला उठलं तर दाराबाहेर काय आहे ते त्याच्या आईला आतूनच दिसतं.