बोटीचं इंजिन बदलताना : माउंट आधी की शाफ्ट आधी?

१ जूनपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात आणि इंजिन बदलायची कामं नेमकी तेव्हाच निघतात. म्हणजे घाई आलीच. नारळी पौर्णिमा झाली की नाखवा थांबणार नाही. या घाईत सगळ्यात जास्त हाल होतात ते इंजिनाच्या माउंटचे, म्हणून आज फक्त त्यांच्यावरच बोलू.

नवं इंजिन जुन्याच्या पायांवर सहसा बसत नाही. पायांची उंची वेगळी, रुंदी वेगळी, आणि गिअर बॉक्समधून शाफ्ट बाहेर पडतो ती जागाही खाली-वर. मग वेल्डरला बोलावलं जातं, इंजिन बेडवर ठेवलं जातं आणि "इथे एक अँगल ठोक" असं काम सुरू होतं. आमचं सांगणं एवढंच, की सुरुवात या टोकाकडून करू नका. स्टर्न ट्यूब बोटीत पक्की बसलेली आहे, ती हलणार नाही. इंजिन कुठे बसणार हे ती ठरवते. माउंट म्हणजे या दोघांमधलं उरलेलं अंतर.

हे अंतर मोजायचं कसं? शाफ्ट काढून घ्या. स्टर्न ट्यूबच्या दोन्ही तोंडांच्या बरोबर मध्यातून बारीक पोलादी तार ओढा आणि इंजिनरूमच्या पुढच्या टोकाला एखाद्या लाकडाला ताणून बांधा. सुतळी चालत नाही, ती झोल खाते. तारही थोडी खातेच, म्हणून चांगली ताणा. ही तार म्हणजे तुमचा शाफ्ट. आता तारेपासून दोन्ही बेडपर्यंतची मापं घ्या, खालची आणि बाजूची. तिकडे इंजिनावर गिअर बॉक्सच्या फ्लँजच्या मध्यापासून पायाच्या तळापर्यंत माप घ्या, पण शाफ्टच्या रेषेला काटकोनात, जमिनीला नव्हे. शाफ्ट तिरका असतो हे इथे बरेच जण विसरतात. दोन मापांतली वजाबाकी म्हणजे रबरी माउंट आणि ब्रॅकेट मिळून होणारी उंची. ती उणे आली तर बेड कापावं लागेल, किंवा ते इंजिन तुमच्या बोटीचं नाही. म्हणून ही वजाबाकी इंजिनाचे पैसे देण्याआधी, कंपनीच्या ड्रॉइंगवरून करा. आम्ही तर प्लायवूडचं खोटं इंजिन कापून आत उतरवतो. ऑइल पॅन कण्याला लागतं का, स्टार्टर काढायला हात जातो का, तिथेच कळतं.

आता ब्रॅकेट किती जाड? लोक इंजिनाच्या वजनाकडे बघतात. वजन हा त्यातला सोपा भाग. १०० अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर धरा. त्याचा पीळ साधारण ३५६ न्यूटन-मीटर. गिअर बॉक्स तीनास एक असेल तर शाफ्टवर तो तिप्पट, म्हणजे हजाराच्या वर. तेवढाच पीळ उलट दिशेने इंजिनाला कलंडवू बघतो. दोन बाजूंच्या माउंटमध्ये ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर एका बाजूला सुमारे १८० किलो खाली दाब आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच वर ओढ. शिवाय पंख्याचा रेटा! जाळं ओढताना तो एवढ्या इंजिनाला सहज टनाच्या घरात जातो. शाफ्टमधून तो गिअर बॉक्सच्या बेअरिंगवर, तिथून इंजिनाच्या पायांवर येतो. शेवटी अख्खी बोट पुढे ढकलतात ते हे चार पाय. म्हणून नुसता एल आकाराचा अँगल पुरत नाही. तो पुढे-मागे झुकतो. आतून तिरकी पट्टी हवीच. जाड पण उघड्या पत्र्यापेक्षा थोडा पातळ आणि पट्टी दिलेला बरा.

वेल्डिंगचं म्हणाल तर जागेवर फक्त टाके मारा. मग ब्रॅकेट काढून बाहेर पूर्ण वेल्ड करा. जागेवर पूर्ण वेल्ड केलं तर तापून ओढ बसते आणि माप जातं. शिवाय खाली बिल्जमध्ये डिझेल, बाजूला फायबर! टाके मारतानासुद्धा बिल्ज कोरडी हवी, बॅटरीच्या वायरी सुटलेल्या हव्यात. बाजूला सरकवण्यासाठी भोकं लांबट ठेवा, आणि उंचीत शिमसाठी थोडी जागा मुद्दाम कमी करा. शिम घालता येतो, पोलाद तासत बसणं नको. माउंटचा स्टड मध्यावर ठेवा. पार वर चढवलेला स्टड म्हणजे लांब दांडा, तोच आधी मोडतो.

शेवटची जुळणी पाण्यात. एका वर्षी आम्ही जमिनीवर अगदी नेटकी जुळणी केली, शाबासकी घेतली. बोट उतरली, डिझेल-बर्फ भरला आणि ग्लँडमधून धार लागली. ठोकळ्यांवरची बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार एकच नसतो, हे आम्हाला माहीत होतं. घाई होती, एवढंच. रात्री खलाशी बादल्या उपसत परत आले.

तेव्हापासून आम्ही बोट दोन दिवस पाण्यात राहू देतो, मग कपलिंगचे बोल्ट सोडतो. बाहेर लोंबणाऱ्या शाफ्टला आधार देऊन दोन फ्लँज समोरासमोर आणतो आणि चार ठिकाणी फिलर गेज घालतो. कपलिंगच्या दर इंच व्यासाला एक हजारांश इंच, हा चालू ठोकताळा. पाच इंची कपलिंगला साधारण ०.१३ मिलिमीटर. फट जास्त आली तर शाफ्टचा फ्लँज पाव फेरा फिरवा. फट त्याच्याबरोबर फिरली तर शाफ्ट किंवा फ्लँज वाकडा आहे. जागेवरच राहिली तर इंजिन हलवा.

कोणीतरी विचारलं, जुने रबर परत वापरू का? त्यावर तेल पडलेलं असेल तर नको. आणि नवे असले तरी पहिल्या काही फेऱ्यांत बसतात, म्हणून पंधरा दिवसांनी फिलर गेज पुन्हा घाला.