किनलॉख कॅसल : यंत्रांच्या पैशावर उभा राहिलेला वाडा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, इनर हेब्रिडीज द्वीपसमूहात, रम हे सुमारे 105 चौरस किलोमीटरचे डोंगराळ बेट आहे. त्याच्या पूर्वेकडच्या खाडीच्या टोकाशी लाल वालुकाश्मात बांधलेला किनलॉख कॅसल उभा आहे. त्याचे बुरूज आणि दातेरी कठडे निव्वळ शोभेचे. तिथे लढाई कधीच झाली नाही. 1897 ते 1900 या काळात शिकारीच्या हंगामासाठी तो बांधला गेला.

बेट त्याआधीच ओस पडले होते. 1826 ते 1828 दरम्यान जमीनमालकाने बहुतेक कुळांना जहाजांनी कॅनडाला धाडले आणि कुरणे मेंढ्यांना मोकळी केली. पुढे सांबरासारख्या मोठ्या लाल हरणांची शिकार हेच बेटाचे आकर्षण ठरले. 1888 मध्ये जॉन बुलो यांनी बेट विकत घेतले. लँकेशायरमधील अॅक्रिंग्टनच्या हॉवर्ड अँड बुलो कारखान्याचे ते मालक. सूतकताई आणि विणकामाची यंत्रे हा त्यांचा धंदा. मुंबईच्या गिरण्याही त्या काळी प्रामुख्याने लँकेशायरच्या यंत्रांवर चालत. 1891 मध्ये जॉन वारले आणि त्यांच्या विशीतल्या मुलाकडे, जॉर्जकडे, वारसा आला. वर्षातून काही आठवडे राहण्यासाठी त्यांनी हा वाडा बांधला.

मागच्या ओढ्यावर बांध घालून वीज निर्माण केली जाई. खेड्यापाड्यांत तेव्हा दिवे तेलाचेच होते. याच विजेवर जिन्याखालचे ऑर्केस्ट्रियन चाले. इम्होफ अँड मुकले या जर्मन कंपनीच्या या यंत्रात भोके पाडलेली कागदाची गुंडाळी सरकते. भोक आले की हवेला वाट मिळते, झडप उघडते आणि नळी वाजते किंवा ढोलावर टिपरी पडते. वादक एकही नसताना अख्खा वाद्यवृंद घुमतो. भोकांनी हुकूम देण्याची ही युक्ती नक्षीदार कापड विणणाऱ्या जॅकार्ड मागाचीच; मागांच्या पैशाने बांधलेल्या घरात ती शोभते.

जॉर्ज 1939 मध्ये वारले. 1957 मध्ये त्यांच्या पत्नी लेडी मोनिका यांनी बेट सरकारी निसर्ग संरक्षण संस्थेला विकले. हरणांचे दीर्घ संशोधन, 1975 पासून पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडांचे पुनर्वसन, या कामांत बेटाचे नाव झाले. वाड्याकडे मात्र कुणाचे विशेष लक्ष राहिले नाही. नोकरांच्या खोल्यांत काही काळ प्रवाशांसाठी वसतिगृह चालले, तेही बंद झाले.

इथला पाऊस आणि खारे वारे वालुकाश्म झिजवतात. पन्हळी तुंबल्या की पाणी भिंतीत उतरते आणि लाकूड कुजते. ओलीने गुंडाळीचा कागद फुगतो, यंत्राला हवा देणाऱ्या भात्याचे चामडे खराब होते. म्हणजे छपराचे दुखणे थेट ऑर्केस्ट्रियनपर्यंत पोहोचते. सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण असल्याने वाडा परवानगीशिवाय पाडता येत नाही, आणि दुरुस्तीचे सामान बोटीनेच आणावे लागते. बेटावर काही डझनच माणसे राहतात. मालक संस्थेने ग्राहक शोधला, पण 2023 मध्ये खरेदीदाराने माघार घेतली. नवा मालक कोण, आणि त्याच्या योजनेत रहिवाशांना जागा किती, हे दोन्ही प्रश्न सुटल्याशिवाय दुरुस्तीचे काम धड उभे राहणे अवघड आहे.